पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये ऑर्गनचा कार्यक्रम ऐकायला कुठे बसावं? वादक दिसतच नाही, मग एवढी मोठी पेटी ऐकण्यात विशेष ते काय?

जागेचं आधी सांगतो. मुख्य दारावरच्या सज्जात ऑर्गन आहे, त्याच्या अगदी खाली बसू नका, आवाज डोक्यावरून पुढे निघून जातो. फार पुढे, वेदीपाशीही नको. तिथे पोचेपर्यंत खांब आणि छतावरून परतलेली गुंज मूळ सुरात मिसळते आणि जलद जागा पुसून जातात. मधल्या दालनात, दारापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर बसा. खुर्च्यांची तोंडं वेदीकडे असतात, त्यामुळे ऑर्गन पाठीमागूनच ऐकू येणार.

आता ‘मोठी पेटी’. एका पेटीवादक स्नेह्याशी याच शब्दावरून माझा वर्षानुवर्षं वाद आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: ही तुलना चूक आहे. संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन पेटीच्याच जातीचा, त्यात पितळी पत्ती थरथरते आणि सूर पत्तीच ठरवते. कॅथेड्रलच्या ऑर्गनमधल्या बहुतेक नळ्यांत पत्ती नसतेच. बासरीसारखी हवा ओठावर फुटते आणि नळीच्या लांबीवर सूर ठरतो. पेटीतले खर्ज, नर, मादी म्हणजे इथले १६, ८ आणि ४ फुटी स्टॉप (खुंटी ओढून चालू करायचे नळ्यांचे संच, आकडा त्यातल्या सर्वांत लांब नळीचा), इतपत साम्य धरा. पण ३२ फुटी नळी जवळजवळ १० मीटर उंच असते, तिचा सर्वांत खालचा सूर सुमारे १६ हर्ट्झचा. तो कानाआधी छातीत कळतो.

बिघडतं ते तापमानाने. हवा एक अंश तापली की साध्या नळ्या सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढतात, पत्तीच्या नळ्या मात्र जवळपास जागेवरच राहतात. गर्दीने दालन तापलं की दोन्हींत फट पडते. म्हणून जुळवणी कार्यक्रमाच्या वेळच्या तापमानाला करायची असते. रिकाम्या, गार दालनात केलेली जुळवणी वाया जाते.

वादक दिसत नाही हे खरं, पण त्याचं अर्धं काम स्टॉपच्या निवडीत असतं आणि ते ऐकू येतं. ऑर्गन बांधणाऱ्या कावाये-कोलने १८६८ मध्ये उभारलेल्या इथल्या ऑर्गनला ५ कीबोर्ड आणि ८६ स्टॉप होते. त्याच्या पद्धतीत तुतारीसारख्या नळ्यांचे स्टॉप आधीच ओढून ठेवता येतात, फक्त त्यांच्या खान्यात हवा सोडलेली नसते. पायाशी लोखंडी खटका असतो, तो दाबला की सगळ्या एकदम बोलतात. दोन वाक्यांमधल्या श्वासात दाबला तर भिंत उघडल्यासारखं वाटतं, सुराच्या मध्येच दाबला तर ठिगळ दिसतं. गुंज इतकी लांब रेंगाळते की सूर जरा आधी सोडावे लागतात, नाहीतर नुसता गलका होतो.

लुई व्हिएर्न हे सगळं जवळजवळ दृष्टी नसताना करत असे. १९०० पासून तो इथला ऑर्गनवादक, आणि रचनाकारही. २ जून १९३७ ला त्याचा १७५० वा कार्यक्रम होता, शेजारी ऑर्गनवादक मोरिस द्युरुफ्ले. स्वतःची ‘त्रिपतीक’ ही तीन भागांची रचना वाजवून झाली, मग आयत्या वेळी दिलेल्या धुनेवर उत्स्फूर्त वादन करायचं होतं. धून ब्रेलमध्ये होती. ती बोटांनी वाचून त्याने स्टॉप निवडले आणि तो पुढे कोसळला. पाय, पायाने वाजवायच्या पट्ट्यांतल्या खालच्या ‘ई’वर पडला आणि तो एकच सूर दालनात वाजत राहिला.

आयत्या धुनेवर रचना उभी करणं ही इथली जुनी रीत, आजही चालू आहे. २०१९ च्या आगीतून ऑर्गन वाचला, पण शिशाच्या धुळीने माखला. सुटा करून, साफ करून पुन्हा जोडला आणि दिवसा बांधकामाचा गोंगाट म्हणून २०२४ मध्ये रात्री-रात्री सूर बसवले. ७ डिसेंबरला आर्चबिशपने ऑर्गनला आठ वेळा साद घातली आणि प्रत्येक सादेला इथल्या वादकांनी तिथल्या तिथे उत्तर वाजवलं. त्यांतला तिएरी एस्केश आज रचनाकार म्हणूनही नावाजलेला आहे. कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव आणि खाली ‘उत्स्फूर्त वादन’ असं दिसलं तर तोच दिवस पकडा.

एक राहिलं. पेटी कमी प्रतीची, असं मी म्हणत नाही. तिचं पेटंटही पॅरिसचंच, दबॅन या वाद्यनिर्मात्याचं, १८४२ चं. खुद्द व्हिएर्नने ‘मुक्त शैलीतल्या २४ रचना’ ऑर्गन किंवा हार्मोनियम, दोन्हींवर वाजतील अशा लिहिल्या. जाण्याआधी त्यातलं अंगाईगीत ऐका. माझ्या स्नेह्यालाही हेच सांगतो: तुलना करायचीच तर या रचना वाजवून कर, पण पायपेटीवर. हातपेटीवर त्या बसणार नाहीत, कारण डावा हात भात्यात अडकतो आणि इथे दोन्ही हात पट्ट्यांवर लागतात.