जाऊबाई म्हणतात ध्यान लाव, गोळ्या सोड

नाशिकच्या ताई, पत्र दोनदा वाचलं. केमो झाली, रेडिएशन झालं, आता टॅमॉक्सिफेन (स्तनाचा कॅन्सर परत येऊ नये म्हणूनची गोळी) चालूये, रिपोर्टही चांगलेत, पण फॉलोअप आला की आठ दिवस आधीच झोप उडते, त्यात जाऊबाई म्हणतात ध्यान लाव, गोळ्यांची गरजच पडणार नाही, आणि तुम्ही डोळे मिटले की दोन मिनिटांत रिपोर्टचा कागदच समोर येतो, मग वाटतं आपल्यातच खोट आहे.

आधी गोळीचं. ती बंद करायची नाही, कुणीही सांगितलं तरी. टॅमॉक्सिफेन साधारण 5 ते 10 वर्षं चालते, तुमचं किती ते तुमचे डॉक्टर बघतील. ध्यानाने कॅन्सर जात नाही हो. त्याचा उपयोग आहे तो त्या आठ दिवसांसाठी. अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेनेसुद्धा 2023 मध्ये पेशंटच्या चिंतेसाठी माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे होतंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचं ध्यान, सुचवलंय, पण ट्रीटमेंटच्या जोडीला, तिच्या जागी नाही.

इगतपुरीच्या विपश्यना ध्यान शिबिराचं विचारलंत, जवळच आहे म्हणून. आत्ता नको. पहाटे 4 ची घंटा, दिवसाला दहाएक तास बैठक, वर मौन, आणि तुम्ही तर जिना चढून दमताय असं लिहिलंय. गंमत म्हणजे ते केंद्र काढणारे गोएंका गुरुजी स्वतः मायग्रेनला कंटाळून रंगूनला ध्यान शिकवणाऱ्या ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर ते म्हणाले डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका! जाऊबाईंना हे जरूर सांगा.

तुम्ही मांडी घालून बसूच नका. दुपारी आडव्या व्हा, पंखा लावा (त्या गोळीने अंगातून वाफा येतात ना), आणि लक्ष डाव्या पायाच्या बोटांवर न्या, मग तळवा, घोटा, पोटरी, असं हळूहळू वर. दहा मिनिटं बास. ऑपरेशनच्या बाजूला पोचल्यावर धस्स झालं तर तिथे थांबायची सक्ती नाही, सरळ पायाकडे परत या. अमेरिकेतल्या जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्सला जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी माइंडफुलनेसचा कोर्स काढला, त्यातही हे असंच झोपून करतात. रिपोर्ट दिसला? दिसू दे, दिसतोय हे कळलं की परत पोटरीकडे. हे शंभरदा होणार. माझा बीपी वाढला तेव्हा मी सुरू केलं, तर पहिला आठवडा शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याच मोजल्या आणि दुसऱ्या आठवड्यात चक्क घोरले.

मात्र डोळे मिटल्यावर घाबरंघुबरं व्हायला लागलं किंवा झोप तशीच उडालेली राहिली, तर फॉलोअपची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, ते समुपदेशकाकडे पाठवतील, त्यात कमीपणा कसला.

आणि हो, मिस्टरांना म्हणावं ती दहा मिनिटं दाराची बेल तुम्ही बघायची.