एर्दोगन की एर्दोआन?

प्रश्न : तुर्कस्तानच्या अध्यक्षांच्या आडनावात ‘जी’ हे रोमन अक्षर दिसतं. मग काही जण ‘एर्दोआन’ का लिहितात?

कारण ‘एर्दोआन’च मूळ उच्चाराच्या जवळ आहे. तो ‘जी’ साधा नाही. त्याच्या डोक्यावर आपल्या ‘कॅ’वर असतो तसा अर्धचंद्र आहे. इंग्रजी बातम्यांत तो बहुधा गळतो आणि आपण सरळ ‘ग’ वाचतो. तुर्की लोक या अक्षराला ‘युमुशाक गे’, म्हणजे मऊ ग, म्हणतात. प्रमाण तुर्कीत त्याला स्वतःचा उच्चार जवळजवळ उरलेला नाही. तो मागचा स्वर लांबवतो किंवा दोन स्वरांच्या मध्ये नुसता उभा असतो. डोंगर म्हणजे ‘दाऽ’, दही म्हणजे ‘योउर्त’. शब्दाच्या सुरुवातीला तो कधीच येत नाही.

ही लिपी १९२८ साली ठरवून घडवली गेली. त्याआधी तुर्की भाषा अरबी अक्षरांत लिहीत. तिथे ओ, उ आणि ओठ तसेच गोल ठेवून म्हटलेले ए, इ अशा चार स्वरांना मिळून ‘वाव’ हे एकच अक्षर होतं; उलट ‘झेड’च्या एका ध्वनीसाठी चार अक्षरं! तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक मुस्तफा केमाल (अतातुर्क) यांच्या काळातल्या समितीने रोमन अक्षरं घेतली, पण त्यांना तुर्कीच्या गरजेप्रमाणे किंमती दिल्या. ‘सी’ म्हणजे ज (म्हणून माजी पंतप्रधान एजेवित, एसेविट नव्हे), शेपटीचा ‘सी’ म्हणजे च, शेपटीचा ‘एस’ म्हणजे श. क्यू, डब्ल्यू, एक्स वगळले. एकूण २९ अक्षरं. कायदा १ नोव्हेंबर १९२८ रोजी झाला.

उच्चारानुसारी लिपीत हे जवळपास मुकं अक्षर कशाला ठेवलं? मला तर या लिपीतली सर्वांत शहाणी जागा हीच वाटते. ‘अयाक’ म्हणजे पाय. त्याला स्वराने सुरू होणारा प्रत्यय लागला की शेवटच्या ‘क’चा मऊ ग होतो. अशा कितीतरी शब्दांत हेच घडतं. अक्षर काढून टाकलं असतं तर लिखाणात दोन स्वर एकमेकांना चिकटले असते आणि मूळ शब्द ओळखू आला नसता. शिवाय अनातोलियातल्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, काही बोलींत तिथे घशात घासून म्हटलेला ‘ग’ अजून ऐकू येतो. एकट्या इस्तंबूलच्या जिभेवर लिपी बेतली असती तर त्या बोलणाऱ्यांवर अन्याय झाला असता.

मऊ ग मागचा स्वर लांबवतो, या नियमाने इस्तंबूलचा तो प्रसिद्ध भाग ‘बेयोग्लू’ नव्हे, ‘बेयोऽलू’ असा वाचावा.