वाइल्डच्या वाक्याला कोटी म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: "ऑस्कर वाइल्डच्या कादंबऱ्या आणि नाटकं यांवर मी बेहद्द खूश आहे. पण त्याच्याबद्दल मराठीत लिहायला बसलं की अडतं. इंग्रजीत ज्याला 'विट' म्हणतात त्याला आपल्याकडे शब्द कोणता? 'विनोद' फार ढोबळ वाटतो, 'हजरजबाबीपणा' म्हटलं की बिरबल आठवतो आणि 'कोटी' म्हटलं की पु. ल. त्यातल्या त्यात 'कोटी' चालेल का?"

एका ठिकाणी चालेल, एका ठिकाणी चिमूटभर चालेल, बाकी नाही. त्याआधी एक बारीकशी दुरुस्ती. वाइल्डची कादंबरी एकच, 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे'. १८९०च्या जुलैत ती एका मासिकात आली, ओरड झाली, आणि १८९१मध्ये सहा नवी प्रकरणं आणि एक प्रस्तावना जोडून पुस्तकरूपाने निघाली. नाटकं मात्र बरीच आहेत. तुमचा प्रश्न ज्यांना लागू पडतो ती चार हलकीफुलकी नाटकं १८९२ ते १८९५ एवढ्या थोडक्या काळात लंडनच्या रंगमंचावर आली.

आता कोटी. संस्कृतात 'कोटि' म्हणजे टोक, धनुष्याचं टोक. वादातली एक बाजू हीही कोटीच. त्यातूनच आपला 'कोटिक्रम'. पण आज मराठी माणूस कोटी म्हणतो ती शब्दावरची. एकाच शब्दाचे दोन अर्थ झटकन पकडायचे आणि ऐकणाऱ्याला एकावरून दुसऱ्यावर ढकलायचं. पु.लं.ना चिकटलेली 'कोट्याधीश' ही पदवीच बघा. तिथे 'विनोदसम्राट' घातलं की अर्थ जवळपास तोच राहतो, गंमत मात्र साफ जाते. माझ्या मते कोटी ओळखायची ही सोपी कसोटी आहे: शब्द बदलला की जी मरते ती कोटी.

ही कसोटी वाइल्डला लावू. 'लेडी विंडरमिअर्स फॅन'मधला लॉर्ड डार्लिंग्टन म्हणतो, मी कशालाही बळी पडत नाही, फक्त मोह सोडून. मी हे मराठीत आणलं, शब्द सगळे बदलले, तरी वाक्य जिवंत आहे. 'मोह'च्या जागी 'प्रलोभन' घातलंत तर थोडं पुस्तकी होईल, मरणार नाही. याच नाटकातलं दुसरं: अनुभव हे नाव प्रत्येक जण आपल्या चुकांना देतो. हेही तसंच. यांत शब्दाचा खेळ नाही, विचाराचा आहे. म्हणून ही कोटी नव्हे.

मग काय आहे? वाइल्डची कारागिरी बघितली तर उत्तर सापडतं. तो कोरा विनोद सहसा रचत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या सभ्य घरांत जी वाक्यं भिंतीवर भरतकाम करून लावत, त्यांतलं एक तो उचलतो आणि त्यातला नेमका एक शब्द फिरवतो. लग्नगाठी स्वर्गात बांधल्या जातात, असं सगळे म्हणायचे. 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'मधला अल्जर्नन म्हणतो, घटस्फोट स्वर्गात ठरतात. (मराठीत मी 'काडीमोड स्वर्गातच ठरतो' म्हणेन. गाठ आणि मोड एकमेकांना शोभतात.) वाक्याचा बाज सुभाषिताचा, डौलही सुभाषिताचा, फक्त डोकं खाली आणि पाय वर. आपल्याकडे याला अगदी रोजचा शब्द आहे: उफराटं. उफराटा कारभार, उफराटा न्याय म्हणतो तसं उफराटं सुभाषित. कोणी 'चतुरोक्ती' सुचवतील. वाईट नाही, पण तो शब्द मी कुणाच्या तोंडून कधी ऐकलेला नाही.

अलंकारशास्त्रातला 'विरोधाभास' जवळचा आहे, पण पुरता नाही. विरोधाभासात वरवर दिसणारा विरोध शेवटी मिटतो. संतांच्या कूट अभंगांतही तेच. काट्याच्या अणीवर तीन गावं वसतात, दोन ओसाड असतात, एक वसतच नाही, आणि मग आपण गुरूच्या पायाशी बसून अर्थ लावायचा. वाइल्डच्या वाक्यात लावण्यासारखं काही उरत नाही. ऐकताक्षणी कळतं, आणि कळल्यावर लक्षात येतं की सरळ वाक्यच खोटं होतं, उफराटं खरं आहे.

हे जवळून बघायचं तर 'अर्नेस्ट'चा पहिला अंक घ्यावा. अल्जर्ननची मावशी लेडी ब्रॅकनेल येते आणि सांगते की एका ओळखीच्या बाईंकडे गेले होते, नवरा गेल्यापासून जाणंच झालं नव्हतं. इतकी बदललेली बाई मी पाहिली नाही. चांगली वीस वर्षांनी लहान दिसते. त्यावर अल्जर्नन म्हणतो, दुःखानं तिचे केस एकदम सोनेरी झाले म्हणे. मूळ रूढ वाक्य अर्थातच दुःखाने केस पांढरे होण्याचं. भाषांतर करणाऱ्याने इथे 'सोनेरी' ठेवलं तर मराठी प्रेक्षक क्षणभर गोंधळेल. 'काळेभोर' केलं की कलपाची बाटली आपोआप डोळ्यांपुढे येते. तरीही हे लंडनचंच नाटक ठेवायचं असेल तर 'सोनेरी'च बरं, आणि गोंधळ नटाने निस्तरावा.

त्यानंतरचा तो प्रसिद्ध मुलाखतीचा प्रसंग. अल्जर्ननचा मित्र जॅक याला आपली मुलगी ग्वेंडोलेन द्यायची की नाही हे ठरवायला लेडी ब्रॅकनेल वही-पेन्सिल घेऊन बसते. आई-वडील आहेत का? जॅक म्हणतो, दोघांनाही गमावलंय. ती उत्तरते की एक गमावणं हे दुर्दैव मानता येईल, दोन्ही गमावणं म्हणजे निष्काळजीपणा वाटतो. इथे ती चिमूटभर कोटी आहे, कारण इंग्रजीतला 'गमावणे' माणसालाही लागतो आणि वस्तूलाही. मराठीत बहुतेक जण 'गमावणे'च वापरतील आणि ते चालतंही. पण आपल्याकडे वर्तमानपत्रांनी झिजवून गुळगुळीत केलेला एक वाक्प्रचार पडून आहे: छत्र हरपणे. "एक छत्र हरपलं तर दुर्दैव म्हणू. दोन्ही हरपली म्हणजे तुमचा वेंधळेपणाच." छत्र हरपलं म्हटलं की छत्री हरवलेली ऐकू येते, आणि छत्री हरवणं हे वेंधळेपणाचंच लक्षण. शिवाय पुढे कळतं की जॅक तान्हा असताना व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामान ठेवायच्या खोलीत एका हँडबॅगेत सापडला होता. म्हणजे मामला हरवलं-सापडलं खात्याचाच. ब्रायटनकडे जाणारी लाइन, असं तो बिचारा खुलाशादाखल सांगतो. लाइन कोणती याला महत्त्व नाही, ती म्हणते.

या प्रसंगात एक गोष्ट नीट बघा. लेडी ब्रॅकनेल विनोद करत नाही. तिला यात हसण्यासारखं काहीच दिसत नाही. म्हणून तिला 'हजरजबाबी' म्हणणं चूक ठरेल. हजरजबाबी माणसाला आपण काय केलं ते ठाऊक असतं, आणि जमलेल्यांकडे तो हळूच बघतोही. नटीने इथे डोळे मिचकावले की प्रसंग पडलाच. 'विनोद' शब्द अपुरा वाटतो असं तुम्ही म्हणता, त्याचं कारणही मला हेच दिसतं. पात्रं हसत नाहीत, एकमेकांना हसवतही नाहीत. काकडीची सँडविचं, मफिन आणि मृत्यू, सगळ्यांवर सारख्याच गांभीर्याने बोलतात. मावशीसाठी केलेली काकडीची सँडविचं अल्जर्ननने स्वतःच फस्त केलेली असतात, आणि नोकर शांतपणे सांगतो की आज बाजारात काकड्याच नव्हत्या, रोख पैशानंसुद्धा नाही. (आपले परीक्षक अशा संवादांना खुसखुशीत, चुरचुरीत, खमंग म्हणतात. इतकं खाणं चाललेल्या नाटकाला ते शोभूनही दिसतं, पण त्यातून काही कळत नाही.)

खरा हजरजबाबी होता तो वाइल्ड स्वतः. 'लेडी विंडरमिअर्स फॅन'च्या पहिल्या प्रयोगानंतर, २० फेब्रुवारी १८९२ रोजी, तो हातात सिगारेट घेऊन पडद्यासमोर आला आणि प्रेक्षकांच्या कामाबद्दल त्यांचंच अभिनंदन केलं: नाटकाबद्दल तुमचं मत जवळजवळ माझ्याइतकंच चांगलं दिसतं, अशा आशयाचं. याला मराठीत तयार शब्द आहे, शालजोडीतला. ज्यांना बसला ते टाळ्या वाजवत होते.

हीच सवय त्याला भोवली. १८९५च्या एप्रिलमध्ये क्वीन्सबरीचा मार्क्विस या सरदारावर त्याने बदनामीचा खटला भरला तेव्हा उलटतपासणीला उभा होता मार्क्विसचा वकील एडवर्ड कार्सन, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातला त्याचा जुना सहाध्यायी. बराच वेळ वाइल्ड जिंकत होता. कोर्ट हसत होतं. मग कार्सनने एका पोराबद्दल विचारलं, तुम्ही त्याचं चुंबन घेतलंत का? वाइल्ड म्हणाला, छे छे, तो दिसायला फारच सुमार होता. कार्सनने ते वाक्य सोडलं नाही. सुमार होता म्हणून घेतलं नाहीत का, हेच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. खटला कोसळला, समलिंगी संबंधांच्या आरोपावरून (तेव्हा तो गुन्हा होता) वाइल्डवरच फौजदारी झाली आणि २५ मे रोजी दोन वर्षं सक्तमजुरीची शिक्षा लागली. 'अर्नेस्ट'चा पहिला प्रयोग १४ फेब्रुवारीचा. मधे साडेतीन महिनेही नाहीत. फलकांवरून आधी त्याचं नाव गेलं, मग नाटकच गेलं.

आता तुमच्या मूळ शब्दाकडे. वाक्याला उफराटं सुभाषित, प्रेक्षकांना मारलेल्याला शालजोडीतला, कोर्टातल्याला हजरजबाब. या सगळ्यांच्या मागे जो गुण आहे, त्याला मी 'वैदग्ध्य' म्हणेन. काश्मीरच्या कुंतक या काव्यशास्त्रकाराने हजारेक वर्षांपूर्वी वक्रोक्तीची व्याख्या करताना 'वैदग्ध्यभङ्गीभणिति' म्हटलं आहे: जाणत्या चतुराईने, जरा वळण देऊन बोलणं. विदग्ध म्हणजे मुळात भाजलेला, शेकून तयार झालेला. नाटकातल्या सभ्य तरुणांना तो चपखल बसतो. अवघड वाटतो हे खरं. रोजच्या बोलण्यात 'तिरकस' म्हणून भागवा, पण तिरकस माणूस कडवट असू शकतो. अल्जर्नन कडवट नाही.

आणि गंमत म्हणजे, इंग्रजी शब्द देवनागरीत 'विट' असाच लिहायचा म्हटलं तरी हरकत नाही, कारण संस्कृत नाटकात विट आधीपासूनच हजर आहे. गोडबोल्या, चतुर, वाक्पटू, थोडीफार कविता करणारा, नगरातल्या सुखांचा जाणकार असा हा माणूस. भाण नावाच्या एकपात्री प्रकारात तर तो एकटाच रस्त्याने बोलत फिरतो. 'डोरियन ग्रे'मधला लॉर्ड हेन्री याच जातीचा. त्याचा चित्रकार मित्र बेझिल त्याला पहिल्याच प्रकरणात सांगतो की तू कधी नीतीचं बोलत नाहीस आणि कधी वाईट वागत नाहीस. 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला विटही खलनायक शकाराच्या सांगण्यावरून नायिका वसंतसेनेला मारायला साफ नकार देतो. पण शकार त्याला बनवून दूर पाठवतो, आणि तिचा गळा आवळला जातो तेव्हा हा तिथे नसतो. हेन्रीही तसाच. बोलणं त्याचं, करणं डोरियनचं. घडतं तेव्हा तोही तिथे नसतो. फक्त ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा, नाहीतर वाचकाला विटाऐवजी वीट येईल.

कोणी म्हणेल, इतकी शब्दांची घासाघीस कशाला, नाटक चांगलं असेल तर भाषांतरातही तरतं. नेहमी नाही. त्याच वर्षांत, १८९२मध्ये, ब्रँडन टॉमसचं 'चार्लीज आंट' आलं. अत्र्यांनी त्याची 'मोरूची मावशी' केली आणि विजय चव्हाणांनी ती मावशी घराघरांत नेली. त्यातला विनोद प्रसंगाचा आहे. पुरुषाला लुगडं नेसवलं की अर्धं काम होतं. वाइल्डला नेसवायला लुगडं नाही. त्याचं सगळं वाक्यावर तोललेलं, आणि वाक्य एका शब्दाने ढळलं की खाली काहीच नाही. म्हणून मराठीत त्याचं नाव पुष्कळांना ठाऊक, नाटकं थोड्यांना.

राहिली ती एक जागा जिथे कोटी निर्विवाद आहे: 'अर्नेस्ट'चं शीर्षक. अर्नेस्ट हे नाव आणि त्याच उच्चाराचं, मनापासून, कळकळीने वागणारा अशा अर्थाचं विशेषण. जॅक लंडनमध्ये अर्नेस्ट म्हणून मिरवतो, ग्वेंडोलेनला त्या नावाच्याच माणसाशी लग्न करायचं असतं, आणि शेवटी त्याचं खरं नाव तेच निघतं. आपण आयुष्यभर खरंच बोलत आलो हे अचानक कळणं किती भयंकर, असं तो म्हणतो. कसोटीप्रमाणे शब्द बदलला की हे मरणार, तेव्हा मराठी नाव शोधायलाच हवं. 'विनय' चालेल, 'सुशील'ही, पण मला 'सत्यवान' सुचतं. नाव खरोखरीचं, अर्थ नेमका हवा तो, आणि "मी लग्न करीन तर सत्यवानाशीच" असा हट्ट धरणारी मुलगी मराठी प्रेक्षकाला परकी नाही. फक्त सावित्रीचं आख्यान ठाऊक असलेला प्रेक्षक लगेच विचारणार, म्हणजे हा वर्षभरात जाणार की काय? तर दुसऱ्या अंकात जॅक खरोखरच काळ्या सुतकी पोशाखात येतो आणि भाऊ अर्नेस्ट पॅरिसमध्ये थंडी बाधून वारल्याचं सांगतो, आणि त्याच वेळी अर्नेस्ट म्हणवणारा अल्जर्नन आत जेवणघरात ठणठणीत असतो.