ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये मोठी मुलं भरली तर कॉलेजची टीम सुधारायला किती वेळ लागतो?

तुमच्या युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमची ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला समोरच्यांपासून वाचवणारी पाच जणांची रांग, मागच्या सीझनमध्ये पार चिरडली गेली, आता नवा कोच 300 पौंडांच्या वरची मुलं आणून ती नव्याने उभी करणार, आणि याचा फरक कधी दिसेल असं तुम्ही विचारलंय. तिसऱ्या सीझनला दिसेल, तोही लाइनचा कोच मध्येच सोडून गेला नाही तर. ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, तयार गडी उचलले तर थोडं लवकर, पण पहिला सीझन त्यांची एकमेकांशी ओळख होण्यातच जातो.

एवढं लिहून थांबणार होतो. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘शेवटी लाइनमध्ये वजनच लागतं ना?’ हेच वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

आम्ही आयोवात, सीडर रॅपिड्सजवळ राहतो. आमचा मुलगा राज्यातल्याच एका छोट्या कॉलेजात सेंटर खेळला, म्हणजे लाइनच्या मधोमध उभा राहून बॉल मागे देणारा. डिव्हिजन थ्री. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसते, टीव्हीचे कॅमेरे नसतात आणि शनिवारी स्टँडमध्ये बसलेले निम्मे लोक खेळाडूंचे आईबाप असतात. साडू शिकागोच्या बाहेर, नेपरव्हिलला. त्यांची दोन्ही मुलं टेनिसवाली. आमच्या चिरंजिवांनी हायस्कूलमध्ये लाइनवर खेळायला सुरुवात केली तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: “अहो, त्यात खेळायचं काय असतं? अंगाने असलं की झालं. बॉलला हातसुद्धा लावायचा नाही.” हे सेंटरच्या बापाला सांगतात! प्रत्येक प्ले ज्याच्या हातातून सुरू होतो त्याच्या बापाला.

पोरगं हायस्कूलमध्ये हेवीवेट कुस्तीही करायचं. माझे थोरले काका सांगलीत तालमीत वाढलेले. त्यांनी व्हिडिओ कॉलवर याला पहिली गोष्ट बजावली ती कंबर खाली ठेवण्याची. कॉलेजात लाइनच्या कोचनेही पहिल्या आठवड्यात तेच बजावलं, फक्त शिव्या वेगळ्या.

त्याचं दुसरं वर्ष टीमला फार वाईट गेलं. हेड कोचने निदान काढलं की लाइन लहान आहे. सरासरी 260 च्या आसपास होती, आणि त्या लेव्हलला ते काही लाजिरवाणं नाही. तरी फर्मान निघालं: सगळ्यांनी उन्हाळ्यात वजन वाढवायचं, शिवाय बाहेरून दोन मोठी मुलं येणार.

मग आमच्या घरात खुराक सुरू झाला. सकाळी अंडी नि दूध, मधल्या वेळेला शेंगदाण्याचे लाडू, दुपारी भातावर तूप, रात्री चिकन, झोपायच्या आधी पुन्हा पीनट बटर. हिने सगळं हौसेने केलं. पोरगं ‘अजून वाढ’ म्हणतंय आणि कुणी ‘कमी खा’ म्हणत नाही, असे दिवस आईच्या आयुष्यात थोडेच येतात. 252 वरून 281 वर गेला. वजन आलं, पाय मात्र तेच राहिले. बॉल स्नॅप झाल्यावर, म्हणजे सेंटरने तो मागे दिल्यावर, लाइनमनच्या पहिल्या पावलाला अर्धा सेकंदही मिळत नाही, आणि नेमकं तेच पाऊल जड झालं. ऑगस्टच्या कॅम्पमध्ये तर त्याला दम पुरेना. आयोवात त्या महिन्यात मक्याच्या शेतांमुळे हवा अशी दमट असते की मुंबईची आठवण यावी. मेरीलँड युनिव्हर्सिटीचा जॉर्डन मॅकनेअर, ऑफेन्सिव्ह लाइनमन, वय 19, 2018 च्या मे महिन्यात सरावात पळताना उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी गेला. ज्यांची मुलं लाइनवर आहेत त्या घरांत हे नाव ऑगस्ट आला की निघतंच. म्हणून ‘वजन वाढवा की’ असं सहज म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कोच असोत की साडू.

बाहेरून आलेल्या दोघांपैकी एक टेक्सासचा होता, 330 पौंड. त्याला थेट सेंटरला उभं केलं आणि आमच्याला बेंचवर बसवलं. सीझनच्या पहिल्या होम गेमला साडू सहकुटुंब आले होते. त्या पोराला बघूनच खूश. “हा बघा, याला म्हणतात लाइनमन!”

आता पुढचं नीट वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचा जीव इथे आहे. स्नॅपच्या आधी सेंटरला समोरच्या डिफेन्सकडे बघून माइक लाइनबॅकर, म्हणजे त्यांच्या पुढच्या रांगेमागे मधोमध उभा असलेला, कोण ते बोटाने दाखवायचं असतं. त्यावरून बाकीचे चौघे आपापला माणूस ठरवतात. डिफेन्सने जागा बदलली की बोटही बदलायचं, आणि हे सगळं काही सेकंदांत. टेक्सासवाल्याला नव्या टीमची ही भाषा अजून तोंडात बसली नव्हती, त्यामुळे त्याच्या दोन बाजूंचे दोन्ही गार्ड आपापल्या मनाने ठरवत होते. समोरच्यांनी ते पहिल्याच क्वार्टरमध्ये हेरलं आणि ट्विस्ट सुरू केले. म्हणजे सेंटरच्या समोरचा त्यांचा नोज टॅकल सेंटरला घासून डाव्या गार्डवर आदळायचा, आणि त्यांचाच शेजारचा टॅकल त्याच्या पाठीमागून वळसा घालून मधोमध घुसायचा. अशा वेळी सेंटरने नोजला सोडायचं असतं. त्याला गार्डच्या हवाली करायचं आणि मागून येणाऱ्याची वाट बघायची. हातात आलेला माणूस सोडून क्षणभर रिकाम्या जागेकडे बघत उभं राहणं फार अवघड आहे. डोक्याला कळतं, पण शरीर ऐकत नाही. ते ऐकायला लागेपर्यंत शेकडो वेळा त्याच दोन शेजाऱ्यांबरोबर करावं लागतं.

टेक्सासवाला नोजच्या मागे गेला. गेला आणि त्याला असा जमिनीवर लोळवला की आमच्या बाजूचं सगळं स्टँड उठून उभं राहिलं. “कसा आडवा केला, बघितलंत?” साडू ओरडले. तोवर दुसरा मधून मोकळा सुटला होता आणि आमचा क्वार्टरबॅक पाठीवर पडून आकाश बघत होता. तो आडवा झाल्याचं साडूंना दिसलंच नाही. दुसऱ्या हाफमध्ये हेच पुन्हा पुन्हा. वर दोन स्नॅप क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून गेले.

रात्री पावभाजी खाताना साडूंचा निष्कर्ष: “एक मोठा आणून काय उपयोग? उरलेले चार लहान पडतात. त्यांनाही बदला.” मी म्हटलं, लाइन म्हणजे पाच जणांच्या वजनाची बेरीज नव्हे. वारीत पावली खेळताना एकाचं पाऊल चुकलं की रांग विसकटते, तसं या पाचांच्या पहिल्या पावलाचं असतं. साडू मूळचे पंढरपूरचे. तरी पटलं नाही. “पावली खेळणाऱ्याला समोरून कुणी ढकलत नाही,” म्हणाले. आमची बायको आणि तिची बहीण दुसऱ्या खोलीत निघून गेल्या.

ऑक्टोबरात लाइनच्या कोचने हेड कोचशी भांडून आमच्याला परत सेंटरला घेतलं आणि टेक्सासवाल्याला शेजारी गार्डला सरकवलं. आणि तोच पोरगा तिथे फार सुरेख खेळला. शेजारून ‘सोड, तो माझा’ असं ओरडणारं कुणीतरी असलं की त्याच्या 330 पौंडांचं सोनं व्हायचं. थँक्सगिव्हिंगला तो घरी जाऊ शकला नाही, आमच्याकडे आला. टर्की बाजूला सारून तूप-साखर लावलेल्या पोळ्यांची चळत एकट्याने संपवली. गुणी पोर. टीमने त्यानंतरही फार काही जिंकलं नाही, पण क्वार्टरबॅक शनिवारी आपल्या पायांनी चालत बसमध्ये चढायला लागला.

डिव्हिजन थ्रीचं काय सांगता, असं म्हणाल. मोठ्या लेव्हलचंच हवं तर तेही आमच्या शेजारी आहे. इथली माउंट व्हर्नन आणि सोलन ही गावं जवळजवळच. माउंट व्हर्ननचा ट्रिस्टन वर्फ्स, 320 पौंडांचा टॅकल, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनच्या कडेचा. 2020 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत, NFL या व्यावसायिक लीगमधल्या टॅम्पा बेने तो पहिल्या फेरीत उचलला. सोलनचा टायलर लिंडरबॉम त्याच्याहून बराच हलका, 290 च्या आसपास. हायस्कूलच्या कुस्तीत या हलक्याने वर्फ्सला एकदा हरवलं होतं. आयोवा युनिव्हर्सिटीत तो डिफेन्सिव्ह लाइनवर आला, तिथून त्याला सेंटरला आणलं, आणि 2021 मध्ये देशातल्या सर्वोत्तम सेंटरचा रिमिंग्टन पुरस्कार त्याने घेतला. 2024 चा जो मूर पुरस्कार तर आर्मीच्या लाइनला मिळाला. हा पुरस्कार एका खेळाडूला नाही, अख्ख्या लाइनला देतात. वेस्ट पॉइंटच्या त्या पोरांना पुढे सैन्यात अधिकारी व्हायचं असतं. तिथे सुटलेलं पोट चालत नाही, त्यामुळे त्यांची लाइन मोठ्या युनिव्हर्सिट्यांपुढे बारीकच दिसते. त्याच यादीत अलाबामा, मिशिगन असले धिप्पाड लोक आहेत. साडूंना मी ही बातमी लगेच पाठवली होती. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

वेळेचं म्हणाल तर कर्क फेरेंट्झ बघा. मुळात लाइनचाच कोच. 1999 मध्ये आयोवाचा हेड कोच झाला आणि पहिल्या सीझनला एक सामना जिंकून दहा हरला. 2000 मध्ये तीन जिंकला, 2001 मध्ये सात, 2002 मध्ये अकरा. विस्कॉन्सिनला बॅरी अल्वारेझचंही तसंच: 1990 मध्ये एक विजय, दहा पराभव, आणि 1994 च्या 1 जानेवारीला रोझ बोल हा मानाचा सामना जिंकला. दोघांनीही मोठ्या लाइनवरच टीम उभी केली, हे साडूंच्या बाजूने मान्य. पण मोठी म्हणजे काय? आयोवाचा रॉबर्ट गॅलरी टाइट एंड, म्हणजे अडवणं आणि पास झेलणं दोन्ही करणारा, म्हणून आला होता. उंच, लांब हातांचा, पळणारा. वजन त्याच्यावर तिथे वर्षा-वर्षाने चढलं, पायांची चपळाई जाऊ न देता, आणि लाइनमनना मिळणारा 2003 चा आउटलँड पुरस्कार घेऊन तो 2004 च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला. रेडशर्टचं वर्ष, म्हणजे सामने जवळपास न खेळता सरावातच घालवलेलं वर्ष, यासाठीच असतं.

तेव्हा तुमचा कोच आज 320 असलेली मुलं गोळा करतोय, की मोठ्या हाडापेराची 260 ची मुलं आणून त्यांना तीन वर्षं वाढवणार आहे, हे बघा. पहिल्या प्रकारात बातमी मोठी होते. कुस्ती किंवा बास्केटबॉल खेळलेली किती आहेत तेही बघा. पाय तिथे तयार होतात.

आमच्याचं वजन शेवटचा सीझन संपल्यावर वर्षभरात उतरलं. साडू म्हणाले, “बघा, गेलं सगळं.” अहो, जाणारच. NFL मधला टॅकल जो थॉमस क्लीव्हलँडसाठी सलग 10,363 प्ले मैदान न सोडता खेळला, आणि निवृत्त झाल्यावर त्याने पन्नासेक पौंड उतरवले. वजन कामापुरतं असतं, काम संपलं की ठेवायचं कशाला?

आता काही गोष्टी तुमच्या कोचच्या बाजूनेही सांगायला हव्यात. आर्मी पास क्वचितच टाकते, त्यामुळे त्यांच्या लाइनला पासरश, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून येणारे, थोपवायचं काम कमी पडतं. तुमच्या टीमला ते दर सामन्यात आहे. बिग टेन या मोठ्या युनिव्हर्सिट्यांच्या गटात 270 चा टॅकल उभा केलात तर त्याला अंगावर घेऊन क्वार्टरबॅकपर्यंत ढकलत नेतील, तिथे माझं तत्त्वज्ञान उपयोगाचं नाही. सेंटरला हलकं चालतं, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना शेजारी असतात. टॅकल कडेला एकटा असतो. आणि माझ्या पोराला त्या वर्षी वाढवलेल्या वजनाचा अजिबात फायदा झाला नाही असंही नाही. शेवटच्या वर्षी, पाय सवयीचे झाल्यावर, बुल रश करणारा, म्हणजे सरळ छातीवर येऊन रेटणारा, समोर आला की तो पहिल्यासारखा मागे सरकत नव्हता.

बाकी रोस्टरवर छापलेल्या वजनांवरून काही ठरवू नका. पहिल्या चार सामन्यांत तेच पाच जण सुरुवातीला उतरतात का, एवढं मोजा. वजनं कॉलेजवाले आपल्या सोयीने छापतात. आमच्या मुलाचं शेवटच्या वर्षी खऱ्यापेक्षा 15 पौंड जास्त छापलं होतं, आणि साडूंनी नेमका तोच आकडा पाठ करून ठेवलाय.