हेल्प फाईल उघडते, पण उजवीकडे सगळं कोरं

प्रश्न : आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसोबत एक सीएचएम हेल्प फाईल येते. माझ्या मशीनवर ती मस्त चालते. तीच मेलनं दोघा सहकाऱ्यांना पाठवली, तर त्यांना डावीकडे विषयांची यादी दिसते पण उजवीकडे पान कोरं, नाहीतर पान उघडता येत नाही असा मेसेज. एकानं सॉफ्टवेअर पुन्हा टाकून बघितलं, दुसऱ्यानं अँटिव्हायरसच बंद केला. फाईल करप्ट झालीये का?

उत्तर : नाही हो, आणि आधी त्यांना तो अँटिव्हायरस चालू करायला सांगा, त्याचा काही संबंध नाहीये. डावीकडे यादी नीट येतेय म्हणजे फाईल धडधाकट आहे, फक्त विंडोज तुम्हाला आतलं पान दाखवायला तयार नाहीये. सीएचएम म्हणजे काय, तर एकत्र दाबून भरलेली वेबपानं. मायक्रोसॉफ्टनं ही पद्धत १९९७ मध्ये आणली आणि पानं दाखवायचं काम आजही इंटरनेट एक्सप्लोररचं जुनं इंजिनच करतं (ब्राउझर २०२२ मध्ये निवृत्त झाला, इंजिन अजून विंडोजच्या पोटात आहे). आता वेबपान म्हटलं की त्यात स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, असू शकते, त्यामुळे मेलनं आलेल्या किंवा डाऊनलोड केलेल्या फाईलवर विंडोज 'ही बाहेरून आलीये' असा शिक्का मारून ठेवतं आणि तो दिसला की आतलं पान अडवतं. तुमच्या मशीनवर फाईल इन्स्टॉलरनं टाकलेली, म्हणून तिच्यावर शिक्का नाही, एवढाच फरक.

उपाय सोपा आहे. फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅबमध्ये अगदी खाली 'अनब्लॉक' असेल त्यावर टिक करून ओके. अर्थात फाईल कुठून आली हे माहीत असेल तरच, अनोळखी सीएचएमवर हे करू नका, सीएचएममधून व्हायरस पाठवायचे प्रकार खरंच होतात. आणि झिप आली असेल तर ती उघडायच्या आधीच झिपलाच अनब्लॉक करा, नाहीतर विंडोजनं बाहेर काढलेल्या प्रत्येक फाईलला तो शिक्का चिकटतो आणि मग बसा एकेक करत. काही जण सांगतात की पेनड्राईव्हवरून कॉपी केली की चालते, त्यात जादू नाहीये, शिक्का फाईलच्या आत नसतोच, तो एनटीएफएस (विंडोजची फाईली साठवायची नेहमीची पद्धत) डिस्कवर तिच्यासोबत लपवलेली एक नोंद असते आणि पेनड्राईव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीचा असला की ती वाटेतच गळून पडते.

प्रश्न : आमच्याकडे अनब्लॉकचा पर्यायच दिसत नाही. फाईल सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये आहे, सगळ्यांनाच पान कोरं येतं.

उत्तर : सगळ्यांनाच म्हणजे कारण वेगळं. जून २००५ च्या एका सिक्युरिटी अपडेटपासून नेटवर्कवरच्या सीएचएमची पानं विंडोज उघडतच नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, बदल करून ही अट सैल करता येते, नेटवर सगळीकडे तोच सल्ला सापडतो, पण एका हेल्प फाईलसाठी प्रत्येक मशीनचं एक दार उघडं ठेवायचं हे मला तरी पटत नाही. फाईल प्रत्येकाच्या सी ड्राईव्हवर कॉपी करा, विषय संपला.

तरीही कोरंच आलं तर फोल्डरचं नाव बघा! वाटेत कुठेही # हे चिन्ह असेल, म्हणजे 'सी# नोट्स' वगैरे, तर पान उघडत नाही, कारण वेबपत्त्यात # च्या पुढचा भाग म्हणजे पानातली जागा असं धरलं जातं, मग खरा पत्ता अर्ध्यातच तुटतो. प्रोग्रामर मंडळी यात हमखास अडकतात. नाव बदललं की झालं.

प्रश्न : मी मराठीत हेल्प फाईल बनवली. पानं छान दिसतात पण डावीकडच्या यादीत नुसती प्रश्नचिन्हं. सिस्टिम लोकेल (विंडोजची भाषेची सेटिंग) बदलू का?

उत्तर : नका बदलू, वेळ जाईल. आतलं पान युनिकोड (सगळ्या लिप्या चालणारी पद्धत) असू शकतं, पण डावीकडची यादी आणि इंडेक्स जुन्या कोडपेज पद्धतीनं (कोडपेज म्हणजे ठरावीक भाषांपुरता अक्षरांचा तक्ता) साठवतात. रशियन किंवा जपानी फाईल असती तर लोकेल बदलून काम झालं असतं कारण त्यांची कोडपेजेस विंडोजमध्ये आहेत, देवनागरीसाठी तसं कोडपेज नाहीच. त्यामुळे यादी साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि खरी मराठी अनुक्रमणिका पहिल्या पानावर लिंक देऊन बनवा. नवीन काम असेल तर मी सीएचएमच्या नादाला लागणारच नाही, सरळ एचटीएमएलची पानं द्या.

प्रश्न : जुन्या सॉफ्टवेअरची एचएलपी फाईल विंडोज १० वर उघडत नाही.

उत्तर : उघडणार नाही. ती सीएचएमच्याही आधीची पद्धत, तिचा प्रोग्राम व्हिस्टापासून विंडोजमधून काढून टाकला. ८.१ पर्यंत तो वेगळा डाऊनलोड करता यायचा, १० साठी दिलाच नाही. एखादं जुनं मशीन किंवा व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा आभासी संगणक) असेल तर तिथे उघडा आणि लागणारी पानं पीडीएफ करून घ्या.