डोक्यावरची पट्टी

“मॅडम, तुम्हीच सांगा. ऑपरेशन करू की नको?”

हा प्रश्न माझ्यासमोर सारखा येतो. कुणाचा गुडघा असतो, कुणाचा मणका, कुणाची गर्भाशयाची पिशवी. फाइल टेबलावर ठेवली जाते, दोन डॉक्टरांची दोन मतं सांगितली जातात आणि मग हे वाक्य येतं. मी समुपदेशक आहे, सर्जन नाही. कापायचं की नाही हे सांगायचा मला अधिकार नाही. पण इतक्या वर्षांत एवढं कळलंय की या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा दुसरा एक प्रश्न लपलेला असतो, आणि तो मोकळा झाल्याशिवाय पहिल्याचं उत्तर सापडत नाही. ज्यांच्यामुळे हे मला लख्ख दिसलं, त्यांना मी सुमेधाताई म्हणते. नाव आणि तपशील बदलले आहेत, लिहायला त्यांची परवानगी आहे.

सुमेधाताई पंचेचाळीशीच्या. शनिवार पेठेत राहतात, मराठी शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवतात. पहिल्या दिवशी कोथरूडला माझ्याकडे आल्या तेव्हा बसण्याआधीच म्हणाल्या, “तुमचा मोबाइल टेबलावरून उचलाल का? व्हायब्रेट झाला तर मला गरगरेल.” मग बसल्या, डोळे सावकाश डावीकडून उजवीकडे नेले आणि म्हणाल्या, “आत्ता मला माझे डोळे फिरलेले ऐकू आले.”

“कसा आवाज येतो?”

“कोरडा. लाकडावर पॉलिश पेपर घासल्यासारखा.”

हे वाचून तुम्हाला जे वाटलं, तेच सहा वर्षं त्यांच्या आसपासच्या माणसांना वाटत होतं.

आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यातल्या वरच्या नलिकेवर हाडाचं पातळ छप्पर असतं आणि त्याच्या लगेच वर मेंदू. काही जणांच्या या छपराला भोक असतं. आतल्या कानाला मुळात दोन खिडक्या असतात, या भोकामुळे तिसरी तयार होते. मग आवाज आणि दाब भलत्या वाटेने तोलाच्या नलिकेत शिरतात. मोठा आवाज झाला, जोरात नाक शिंकरलं, जड पिशवी उचलली की जग हलतं. शिवाय शरीराच्या आतले आवाज नको इतके मोठे ऐकू येतात: नाडी, पावलं, स्वतःचं बोलणं, बुबुळांची हालचाल. याला सुपीरिअर कॅनाल डिहिसन्स म्हणतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉ. लॉइड मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली या आजाराचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. म्हणजे वैद्यकाच्या हिशेबात अगदी अलीकडचा आजार. एमआरआय केला आणि नॉर्मल आला म्हणून हे भोक नाही असं होत नाही. ते बघायला कानाच्या हाडाचा अगदी बारीक कापांचा सीटी स्कॅन लागतो, आणि तो काढायचं कुणाच्या तरी डोक्यात यावं लागतं.

सुमेधाताईंच्या बाबतीत ते यायला सहा वर्षं गेली. तोवर स्पाँडिलायटिस झालं, चक्करेच्या गोळ्या झाल्या, पाळी जायचं वय झालं, “टेन्शन कमी करा” झालं. ऐकण्याच्या तपासणीचा आलेख पाहून एका डॉक्टरांनी कानातलं हाड बदलायचं ऑपरेशनही सुचवलं होतं. या आजाराचा आलेख कानातलं ते हाड घट्ट बसण्याच्या आजारासारखा दिसू शकतो, आणि ते ऑपरेशन झालं असतं तरी तक्रार तशीच राहिली असती. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क त्यांच्या पायाच्या घोट्यावर टेकवला, आणि तो त्यांना उजव्या कानात ऐकू आला. “घोट्यावरचा आवाज कानात?” असं म्हणून डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सीटी लिहून दिला.

निदान झालं तेव्हा ताई आनंदाने रडल्या होत्या. आणि त्या दिवसापासून झोप उडाली होती, कारण आता ऑपरेशनचा प्रश्न उभा होता.

पहिली चार-पाच सत्रं आम्ही या एकाच वर्तुळात फिरलो. केलं आणि उजव्या कानाने ऐकायला येईनासं झालं तर? नाही केलं आणि वाढलं तर? “मला फक्त कुणीतरी खात्री द्यावी,” त्या म्हणायच्या. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत तयार झालेली बाई. या पद्धतीचे जनक, अमेरिकी मानसतज्ज्ञ ॲल्बर्ट एलिस १९५५ पासून जे सांगत राहिले ते माझ्या हाडीमाशी मुरलंय: माणसाला इच्छेने त्रास होत नाही, ‘हवंच’ या हट्टाने होतो. तेव्हा मी त्यांच्या ‘खात्री हवीच’ या मागणीवर काम करत राहिले. थोडा फरक पडला. झोप चार तासांवरून पाचावर आली. पण गाठ सुटत नव्हती, आणि मला आतून जाणवत होतं की मी योग्य गोष्ट चुकीच्या जागी घासतेय.

सहाव्या सत्रात मी वाट बदलली. म्हटलं, “समजा, ऑपरेशन झालंय. उत्तम झालंय. दुसऱ्या दिवशीची सकाळ मला सांगा. काय काय दिसतंय?”

त्यांनी डोळे मिटले. “खोलीत मी पडलेय. सासूबाई आल्यात. हे आलेत. माझ्या डोक्याला पट्टी आहे.” मग थांबून म्हणाल्या, “त्यांना पट्टी दिसतेय.”

मी वाट पाहत राहिले. आता आवाज थांबल्याचं सांगतील, नाडी ऐकू येत नाही म्हणतील, शाळेतलं काहीतरी येईल. काहीच आलं नाही. त्यांच्या यशस्वी ऑपरेशनच्या चित्रात कान नव्हता. पट्टी होती.

“ताई,” मी हळू म्हणाले, “हे ऑपरेशन कुणाला दाखवायचं नसेल, कुणाला कधी कळणारच नसेल, तर कराल?”

बराच वेळ त्या गप्प होत्या. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला, त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला, सोडला. मग म्हणाल्या, “माहीत नाही.” आणि रडायला लागल्या. “सहा वर्षं मी नाटक करतेय असं सगळ्यांना वाटलं हो. कुकरची शिट्टी झाली की मी ओटा धरायची. सासूबाई म्हणायच्या, हिला स्वयंपाकाच्या वेळीच बरी चक्कर येते.”

इतक्या वर्षांच्या कामात मला समाधान देणारे जे मोजके क्षण आहेत, त्यातला हा एक. ‘माहीत नाही’ हे त्या प्रश्नाचं त्यांनी दिलेलं पहिलं प्रामाणिक उत्तर होतं. तोवर ऑपरेशन ही त्यांच्या बाजूची साक्ष होती. कवटीच्या हाडाला हात लागणार, कानाला धोका, आठवडेच्या आठवडे तोल जाणार, आणि हे सगळं कशासाठी, तर घरच्यांनी एकदा “तुला खरंच होत होतं गं” म्हणावं म्हणून. साक्षीसाठी एवढी किंमत मोजायची गरज नव्हती. ती दुसऱ्या मार्गाने मिळवता येत होती.

पुढच्या वेळी मी त्यांच्या यजमानांना बोलावलं. सरळ गृहस्थ. म्हणाले, “मॅडम, मी कधी खोटं म्हटलं नाही. पण शांत असलं की ही एकदम ठणठणीत असते, मग समजायचं काय?” मी डब्यातली चकली काढली. “दोन्ही कानांत बोटं घट्ट घाला आणि ही खा.” बोटं कानात असल्याने चकली सुमेधाताईंनीच त्यांच्या तोंडात दिली. त्यांनी दोन-तीनदा चावली आणि थांबले. डोक्यात केवढा कडकडाट होतो ते करून पाहा, कळेल. ताईंच्या त्रासाशी याचं साम्य दुरूनच आहे, आणि त्यात खोली फिरत नाही, हेही मी त्यांना सांगितलं.

बोटं काढून त्यांनी बायकोला विचारलं, “दिवसभर?”

“दिवसभर. आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की नाडी.”

ते काही बोलले नाहीत. घरी जाऊन त्यांनी आईलाही कानात बोटं घालायला लावली, हे मला नंतर कळलं.

जी मंडळी अशा उंबरठ्यावर उभी आहेत त्यांच्यासाठी इथे थोडं सविस्तर लिहिते. स्कॅनमध्ये भोक दिसलं म्हणजे ऑपरेशन आलंच असं या आजारात नसतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, मृत्यूनंतर जतन केलेल्या १००० कर्णास्थींच्या एका अभ्यासात सुमारे अर्धा टक्का हाडांत असं भोक सापडलं होतं. शिवाय फार पातळ हाड स्कॅनमध्ये भोकासारखं दिसू शकतं. म्हणून तक्रार, स्कॅन आणि कानाच्या विशेष चाचण्या या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. हा कर्करोग नव्हे, उद्याच ठरवलं पाहिजे अशी घाई नसते. ऑपरेशनमध्ये कानाच्या वरून कवटीचं हाड उचलून किंवा कानामागच्या हाडातून जाऊन ती नलिका बुजवतात किंवा भोकावर झाकण घालतात. आतले आवाज कमी होण्याची शक्यता चांगली असते, तोलाचं तितकं खात्रीने सांगता येत नाही. ऐकू कमी येण्याचा धोका असतो. बुजवलेली नलिका काम करत नाही, त्यामुळे मेंदूला तोल नव्याने शिकावा लागतो आणि त्याला व्यायाम आणि वेळ लागतो.

सुमेधाताईंना मी दोन महिने एक वही ठेवायला सांगितली. किती चक्कर आली हे लिहायचं नाही, आज काय करायचं राहिलं एवढंच लिहायचं. माझा सगळ्यांना हाच आग्रह असतो. दुखणं मोजता येत नाही, अडलेलं आयुष्य मोजता येतं. सर्जनला विचारायचे प्रश्नही त्याच वहीत: तुम्ही अशी किती ऑपरेशनं केलीत? माझ्या तक्रारींपैकी कोणती कमी व्हायची शक्यता जास्त? एक वर्ष थांबले तर काय बिघडेल? घरी पहिले सहा आठवडे कोण असायला हवं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अर्थात सर्जन देत नाही. ते घरात बसून द्यायचं.

त्या दोन महिन्यांत गणपतीही येऊन गेले. पथकांचा सराव नदीपात्रात आधीपासूनच सुरू होतो, संध्याकाळी ताशा कडाडला की ताईंच्या खिडकीतली रस्त्याची रेघ वाकडी व्हायची. कानात बोळे घातले तर बाहेरचा ढोल कमी होतो पण आतला आवाज वाढतो, अशी ही कोंडी. या वर्षी त्या पहिल्यांदाच कुणाला न घाबरता म्हणाल्या, “मी विसर्जनाला भोरला बहिणीकडे जातेय.” मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे चालते. त्या दोन रात्री भोरला झोपल्या.

मला मनातून वाटत होतं, पट्टीची गरज संपली, आता त्या ऑपरेशन नको म्हणतील. माझा अंदाज चुकला. वही घेऊन आल्या आणि तिच्यात पानोपानी एकच ओळ निघाली: ‘आज गोष्ट वाचली नाही.’ वर्गात मोठ्याने वाचायला लागलं की स्वतःचाच आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा डोक्यात घुमायचा, मग त्या फळ्यावर लिहून भागवायच्या. चक्कर त्यांनी सांभाळली असती. गोष्ट त्यांना परत हवी होती. “कानाने कमी ऐकू आलं तर वाईट वाटेल,” म्हणाल्या, “पण चालेल.” खात्रीचा शब्द त्या दिवशी निघाला नाही.

ऑपरेशन मेच्या सुट्टीत झालं. सासूबाई भेटायला गेल्या तेव्हा त्यांनी पट्टीकडे पाहिलंही नाही म्हणे, थर्मासमधली पेज चमच्याने पुढे केली. पहिले तीन आठवडे ताई भिंत धरून चालत होत्या. उजव्या कानाने वरच्या पट्टीचे आवाज थोडे कमी येतात, ते तसंच राहिलं. बुबुळांचा आवाज गेला. नाडीही गेली.

दिवाळीनंतर सहज भेटायला आल्या. शाळेचं सांगितलं, कोणती गोष्ट वाचतायत ते सांगितलं. निघताना दारात थांबल्या. म्हणाल्या, “सासूबाई अजून कुकर चढवला की मला हाक मारतात. शिट्टी होईल गं, आधी खाली बस. आता काही होत नाही मला शिट्टीने. पण मी त्यांना सांगितलं नाहीये. हाक मारली की बसते.”