ट्रॅव्हल ट्रेलर हिवाळाभर उघड्यावर उभा राहणार असेल तर कव्हर कोणतं घ्यावं? ताडपत्री चालेल का?

तुम्ही लिहिलंय की २० फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं छोटं घर, पहिल्यांदाच घेतलाय, चार-पाच महिने उघड्यावर उभा राहणार आहे, वारा आणि बर्फ दोन्ही आहे, आणि घरात एक मोठी जाड ताडपत्री पडूनच आहे तर तीच टाकली तर चालेल का. आधी ताडपत्रीचंच सांगते, कारण पहिल्या वर्षी आम्ही नेमकं हेच केलं होतं.

चांगली जाड ताडपत्री होती, कडांना धातूच्या रिंगा, नायलॉनची दोरी ओवून खालून घट्ट बांधली आणि आता एक थेंब आत जात नाही म्हणून निर्धास्त झालो. थंडी सरल्यावर काढायला गेलो तर ताडपत्रीची आतली बाजू ओलीचिंब, हात फिरवला तर तळवा निथळत होता, आणि बाहेरून पाणी कुठूनच शिरलेलं नव्हतं. दार उघडलं तर कुबट वासाचा भपकारा आला, वरून गादी स्वच्छ दिसत होती पण उचलून उलटी केली तर खालच्या बाजूला मोहरीएवढे काळे ठिपके सगळीकडे, बुरशी. आणि बाहेर पुढच्या कोपऱ्यावर, जिथे ती धातूची रिंग वाऱ्याने आपटत राहिली होती, तिथे नखाएवढ्या अर्धगोल खुणा, एकावर एक, चकाकी जाऊन खालचा मॅट थर उघडा पडलेला. ते आजतागायत तसंच आहे, पॉलिश करूनही गेलं नाही.

तर ही ओल येते कुठून? ती आतलीच असते हो. गाद्या, पडदे, प्लायवूड, आतली हवा सगळ्यात थोडीथोडी ओल असते, शिवाय खालच्या जमिनीतूनही वाफ वर येत राहते. दिवसा ऊन पडलं की ती वाफ वर जाते, रात्री ताडपत्री गार पडली की तिच्या आतल्या अंगाला दव धरतं, गार पाण्याच्या ग्लासाला बाहेरून थेंब जमतात ना तसंच, आणि प्लास्टिकमधून वाफेला बाहेर जायला वाटच नसल्यामुळे हा खेळ महिनोन्महिने रोज चालतो. म्हणून माझं ठाम मत आहे की कव्हर घेताना "वॉटरप्रूफ आहे का" हा पहिला प्रश्न नाहीच, पहिला प्रश्न म्हणजे आतली वाफ बाहेर जाते का, आणि दुसरा, वाऱ्यात ते अंगाला चिकटून राहील का. या दोन्हींची उत्तरं नीट मिळाली की बाकीचं फार अवघड नाही.

कापडाबद्दल. बाजारात जी ट्रेलरची कव्हरं मिळतात त्यातली बरीचशी नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलीनची असतात, म्हणजे आपले सर्जिकल मास्क ज्याचे असतात तशाच जातीचं पण जाड कापड. यात थर मोजून विकतात, तीन थर, पाच थर वगैरे, आणि इथे लोक फसतात कारण हे थर बहुतेक वेळा फक्त छताच्या भागाला असतात, बाजूंना एकच थर असतो. यात काही लबाडी नाही, उलट तसंच बरं, छतावर पाणी साचतं म्हणून तिथे जाड आणि बाजू पातळ म्हणजे वाफ तिथून निघून जाते, फक्त घेताना वाचून घ्या म्हणजे नंतर वाईट वाटायला नको. पॉलिप्रॉपिलीनचा खरा शत्रू ऊन आहे, त्यात यूव्हीपासून, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून, बचाव करणारं रसायन मिसळलेलं नसेल तर ते ठिसूळ होतं आणि बोटांनी चोळलं की भुगा पडतो. त्यामुळे जिथे हिवाळ्यातही कडक ऊन असतं तिथे पॉलिस्टरचं कव्हर जास्त टिकतं, विणलेलं असल्याने फाटायलाही चिवट, पण त्याच्या आतल्या बाजूला रबरासारखा जाड कोटिंगचा थर असेल तर ते पुन्हा ताडपत्रीच्याच वळणावर जातं, तेव्हा त्यात हवेच्या जाळ्या शिवलेल्या आहेत का ते बघाच. तिसरं म्हणजे टायवेकची कव्हरं, ड्यूपाँटचं ते पांढरं कागदासारखं दिसणारं कापड, घरं बांधताना भिंतींना बाहेरून गुंडाळतात तेच, वाफ जाऊ देतं आणि पाणी अडवतं, पांढरं असल्यामुळे ऊन परतवतं, पण महाग असतं. तुमच्याकडे बर्फ आणि पाऊस जास्त, ऊन कमी असं असेल तर छताला तीन किंवा जास्त थर असलेलं पॉलिप्रॉपिलीन पुरतं, मी तेच वापरते, चार हिवाळे झालेत.

आता मापाबद्दल जरा जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ट्रेलरच्या कागदांवर जी लांबी लिहिलेली असते ती बहुधा पुढच्या हिचच्या, म्हणजे गाडीला जोडायच्या, दांड्यासकट असते, आणि कव्हरचं माप मात्र साधारणपणे तो दांडा सोडून धरतात. त्यामुळे कागद बघून २० फुटी घेतलं तर ते दोन-तीन फूट ढगळ होतं, आणि ढगळ कव्हर म्हणजे अक्षरशः शीड. स्वतः टेप घेऊन मोजा, पुढच्या भिंतीच्या सगळ्यात पुढे आलेल्या टोकापासून मागच्या सगळ्यात मागे आलेल्या टोकापर्यंत, आणि मागचं म्हणजे भिंत नव्हे, मागे शिडी असेल, स्पेअर चाक लटकवलेलं असेल, बंपर असेल तर ते धरून. भिंतीच्या मधोमध मोजू नका, पुढची भिंत बऱ्याचदा फुगीर असते, म्हणून एकाने पुढे एकाने मागे ओळंबा किंवा सरळ काठी धरून जमिनीवर खुणा करायच्या आणि त्या दोन खुणांमधलं अंतर घ्यायचं. एसी आणि अँटेना उंचीत धरायचे की नाही हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, त्यांच्या मापाच्या तक्त्यात लिहिलेलं असतं तसंच करा. आणि दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठं घ्या, लहान कव्हर ओढून बसवलं तर कोपऱ्यावरची शिवण पहिल्याच वादळात उसवते, मोठं निदान पट्ट्यांनी आवळता येतं.

पट्टे! पट्टे नीट बघून घ्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे नुसतं खालच्या कडेला इलॅस्टिक आहे एवढ्यावर भागत नाही. ट्रेलरच्या पोटाखालून एका बाजूने दुसरीकडे जाणारे पट्टे हवेत, बक्कल असलेले, आणि पुढच्या-मागच्या कोपऱ्यांना वेगळे आवळायचे पट्टे असतील तर फारच उत्तम, कारण फडफड सुरू होते ती कोपऱ्यावरच्या सैल झोळापासून. पोटाखालून पट्टा पलीकडे टाकायला काही कव्हरांसोबत छोटी वजनाची पिशवी येते, ती नसेल तर बाटलीत वाळू भरून तिला पट्टा बांधून सरपटवा, गारठ्यात जमिनीवर झोपून हात घालावा लागत नाही. पट्टे लावून दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा आवळायचे, कापड थोडं ताणलं जातंच. आणि दाराच्या जागी चेन (झिप) असलेलं कव्हर घ्या, नुसता कोपरा नव्हे, दाराचा अख्खा भाग गुंडाळून वर करता आला पाहिजे, म्हणजे मध्येच आत डोकावून बघता येतं. मी तीन आठवड्यांतून एकदा कोरड्या दिवशी दार उघडून तासभर हवा खेळू देते, वास घेते, कपाटांच्या कोपऱ्यांत हात फिरवते.

घालण्याआधी ज्या ज्या ठिकाणी काही टोकदार आहे तिथे गादीसारखं काहीतरी बांधा. छताच्या कडेच्या पन्हळीची जी तोंडं चारी कोपऱ्यांना बाहेर आलेली असतात ती कव्हर फाडण्यात पहिली, त्यांच्यावर टेनिसचा चेंडू चीर देऊन बसवतात, छान बसतो. शिडीच्या वरच्या दांड्यांना, ऑनिंगच्या (बाजूला उघडायच्या गुंडाळत्या कापडी छताच्या) हातांना, अँटेनाला पाइपांवर घालतात ती फोमची नळी उभी चिरून घालायची, ती नसली तर जुने टॉवेल, पण टॉवेल दोरीने बांधा, चिकटपट्टी लावू नका, थंडीत ती सुटते नाहीतर रंगाला तिचा चिकटा राहतो. आम्ही एकदा एका बाजूची पन्हळ विसरलो, महिनाभरात तिथे पंजा जाईल एवढं भोक.

आणखी एक, ट्रेलर धुऊन पूर्ण वाळवूनच कव्हर घाला. धूळ राहिली तर कव्हर हलताना ती पॉलिश पेपरसारखी घासते, आणि ओला राहिला तर वर सांगितलेला दवाचा सगळा प्रकार तुम्ही स्वतःच आत कोंडला. ऑनिंग उघडून वाळवा, ते गुंडाळलेलं ओलं राहतं आणि लक्षातही येत नाही. छतावरच्या सीलंटच्या, म्हणजे सांधे बुजवणाऱ्या लेपाच्या, रेषा बघा, व्हेंटभोवती (हवेच्या झरोक्याभोवती) आणि कडांना कुठे तडे गेलेत का, कव्हर गळती झाकतं, बुजवत नाही, आणि लाकडी चौकट असलेल्या ट्रेलरमध्ये एवढ्याशा तड्यातून आत गेलेलं पाणी भिंत कुजवतं. छतावर चढायचं की नाही हे मात्र मॅन्युअल बघून ठरवा, सगळी छतं माणसाचं वजन घेण्याजोगी नसतात, शिडी लावून कडेवरून बघितलं तरी बरंच दिसतं. कव्हर घालायला दोघं तरी हवेत, वारा नसलेला दिवस, आणि फार गोठवणारी थंडी पडायच्या आत, गारठ्यात प्लास्टिकची बक्कलं कडक होऊन तुटतात.

बर्फाचं. कव्हर असलं म्हणजे बर्फाचं ओझं कमी होतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाही. हिशोब करून बघा, १ चौरस मीटरवर १ सेंटिमीटर पाणी म्हणजे १० किलो. छत २.४ मीटर रुंद, ६ मीटर लांब धरलं तर १४.४ चौरस मीटर, म्हणजे वितळलं तर फक्त १ सेंटिमीटर पाणी होईल एवढा बर्फ वर असला तरी १४४ किलो झाले. भुसभुशीत ताजा बर्फ हलका असतो पण त्यावर पाऊस पडला की तो स्पंजासारखा पाणी धरतो. म्हणून लांब दांड्याच्या मऊ झाडूने खाली उभं राहूनच ओढून काढायचा, फावडं अजिबात नको, आणि खाली कडक बर्फाचा पापुद्रा धरला असेल तर तो ओरबाडू नका, कापड फाटतं. ट्रेलर उभा करताना पुढचा जॅक थोडा वर घेऊन नाक उंच ठेवलं तर पाणी मधोमध साचत नाही, मागे ओघळून जातं. एवढी साधी गोष्ट पण फरक पडतो.

ज्यांच्याकडे सोलर पॅनल आहे त्यांनी लक्षात ठेवा, कव्हर घातलं की चार्जिंग बंद, आणि उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी थंडीत गोठून फुटते, पूर्ण भरलेली गोठत नाही, तेव्हा बॅटरी काढून घरात ठेवा आणि अधूनमधून चार्ज करा. नळांतलं आणि टाक्यांतलं पाणी काढायचं काम कव्हर करत नाही, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि पाइप फाटतात, ते आधी उरका. आणि हे कळकळीने सांगते, कव्हर घातलेलं असताना आत गॅसचा हीटर, शेगडी किंवा गॅसवरचा फ्रिज एक मिनिटही चालू करू नका, धूर बाहेर जायची वाट बंद असते, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गरम धुरांड्याला चिकटलेलं कापड पेट घेतं ते वेगळंच. सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करून टाका.

आता तुमच्या ताडपत्रीचं काय करायचं. टाकायचीच असेल तर अंगाला लावून टाकू नका, ट्रेलरच्या वर छपरासारखा लाकडी किंवा पाइपचा सांगाडा करून मध्ये उंच, बाजूंना उतार, अशी ताणून बांधा, चारी बाजू उघड्या ठेवा आणि ताडपत्री कुठेही भिंतीला टेकता कामा नये. तसं केलं तर हवाही खेळते आणि बर्फही घसरतो, पण सांगाडा भक्कम करायला मेहनत आहे आणि वारा जोराचा असेल तर तो जमिनीत नीट रोवावा लागतो. तुमच्याकडे वादळी वारा नेहमीचाच असेल आणि मापाचं कव्हर मिळत नसेल तर मी तर म्हणेन उघडाच ठेवा, छताचं सीलंट तपासून, आणि फक्त टायरना कव्हरं घाला, कारण सैल कापडाने चार महिने घासलं जाण्यापेक्षा उघडा ट्रेलर बरा.

मागची शिडी आणि स्पेअर चाक धरून लांबी किती भरते आणि पुढची भिंत सरळ आहे की फुगीर तेवढं खाली लिहा, कोणत्या मापात बसेल ते बघून सांगते.